प्रभावनेची पुडी आणि फळांच्या वड्या

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी वर्षातील महिला व बालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुवर्ण महोत्सव म्हटला की शिखरावरील कलश, जीर्णोद्धार, धर्मशाळा, दानशूरांची नामावली असे विषय व्यासपीठावरून मांडले जातात आणि ते योग्यही आहे. परंतु कोणत्याही संस्थेची पुढील पन्नास वर्षे ज्यांच्या हाती असतात, ती मुले आज सभागृहाच्या पुढल्या रांगेत सतरंजीवर बसलेली आहेत. कार्यक्रम संपताच त्यांच्या हातावर प्रभावना ठेवली जाईल. त्या छोट्याशा पुडीत काय असावे, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे. विषय लहान दिसतो. परंतु धर्माची शिकवण कानावाटे जितकी पोहोचते, त्याहून अधिक ती जिभेवाटे पोहोचते, हे प्रत्येक माता जाणते.

पूर्वी प्रभावनेत पतासे, श्रीफळ, लाडू किंवा सुकामेवा असे. अलीकडे अनेक ठिकाणी रंगीत, पारदर्शक, रबरासारख्या मऊ गोळ्या दिल्या जातात. मुले त्यांना 'गमी' म्हणतात. अस्वलाच्या, फळांच्या, ताऱ्यांच्या आकाराच्या या गोळ्या मुलांना अतिशय प्रिय आहेत. देणाऱ्याचा भाव शुद्ध असतो, घेणाऱ्याचा आनंद निर्मळ असतो. प्रश्न उरतो तो त्या गोळीच्या घटकांचा.

या गोळीचा इतिहास मनोरंजक आहे. जर्मनीतील बॉन शहरी 1920 साली हान्स रीगल यांनी 'हारिबो' ही कंपनी स्थापन केली आणि 1922 मध्ये नाचणाऱ्या अस्वलाच्या आकाराची गोळी बाजारात आणली. 'गुमी' या जर्मन शब्दाचे नाते डिंकाशी आहे आणि अशा गोळ्या पूर्वी बाभळीच्या कुळातील झाडांच्या डिंकापासूनच बनत. डिंकाच्या लाडवांशी परिचित असणाऱ्या आपल्या घरांना त्यात परके असे काहीच नव्हते. पुढे डिंकाची जागा जिलेटिनने घेतली आणि तेथे आपली वाट वेगळी झाली. जिलेटिन हे प्राण्यांची कातडी व हाडे यांवर आम्ल किंवा अल्कलीची प्रक्रिया करून, ती पाण्यात तापवून काढलेले द्रव्य आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणूनच ते ओळखू येत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही, तेथेच विवेकाची खरी कसोटी असते.

यावर कोणी म्हणेल की वेष्टनावर हिरवी खूण पाहिली की काम झाले. भारतात ही खूण बंधनकारक झाली आणि शाकाहारी समाजाची त्यामुळे मोठी सोय झाली, यात शंका नाही. हिरव्या चौकटीत हिरवे वर्तुळ म्हणजे शाकाहारी. मांसाहारी पदार्थासाठी पूर्वी तपकिरी वर्तुळ असे. 2020 च्या नियमांनी त्या जागी तपकिरी त्रिकोण आणला. तथापि एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. कायद्यातील मांसाहारी पदार्थाच्या व्याख्येतून दूध व दुग्धजन्य पदार्थांबरोबरच मध, मधमाश्यांचे मेण आणि लाख हेही वगळलेले आहेत. म्हणजेच मध घातलेल्या, मेणाचा किंवा लाखेचा मुलामा दिलेल्या गोळीवर हिरवी खूण पूर्णतः कायदेशीर आहे. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग हा श्रावकाच्या आचाराचा पाया. तेव्हा कायद्याची हिरवी खूण आणि श्रावकाची मर्यादा या दोन रेषा एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत.

दुसरी अडचण परदेशातून येणाऱ्या पुड्यांची. आज जवळजवळ प्रत्येक घरातील कोणी ना कोणी अमेरिकेत, युरोपात वा आखाती देशांत आहे. सुट्टीत येताना मामा-मावशी भाच्यांसाठी अशा गोळ्यांची मोठी पाकिटे आणतात. परदेशी बाजारासाठीच्या त्या वेष्टनांवर आपली हिरवी-तपकिरी खूण सहसा नसते. 'हलाल' लिहिलेल्या गोळीत जनावराचे आणि 'कोशर' लिहिलेल्या गोळीत माशाचे जिलेटिन असू शकते. हे शब्द शाकाहाराचे निदर्शक नव्हेत. जीवनसत्त्वांच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांनाही हाच न्याय लागू पडतो.

अशा वेळी बारीक अक्षरांतील घटकांची यादी वाचणे हाच उपाय. चार-पाच आकडे पाठ करावेत: 428 किंवा 441 म्हणजे जिलेटिन, 120 म्हणजे कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढलेला लाल रंग, कारमाईन, 901 म्हणजे मधमाश्यांचे मेण, 904 म्हणजे लाख, तीही किड्यांपासूनच मिळते. याउलट 440 म्हणजे पेक्टिन, ते फळांपासून मिळते, आणि 414 म्हणजे बाभूळवर्गीय झाडांचा डिंक. कापड घेणारा जाणता गिऱ्हाईक ठाण उलगडून काठावरची छापील अक्षरे वाचल्याशिवाय भाव विचारत नाही. अंगावरच्या वस्त्रासाठी एवढी दक्षता, तर पोटात जाणाऱ्या वस्तूसाठी तिच्याहून कमी दक्षता कशी चालेल?

परंतु केवळ 'हे खाऊ नकोस' असे सांगून मुलाचे समाधान होत नाही. वाढदिवसाच्या मेजवानीत सर्व मित्र खात असताना एकट्याने हात मागे घेणे, हे आठ वर्षांच्या बालकासाठी लहान तप नव्हे. त्याच्या हातात तितकीच गोड, तितकीच रंगीत, अभिमानाने मित्रालाही देता येईल अशी वस्तू ठेवणे हे घराचे कर्तव्य आहे. नकारासोबत पर्याय दिला, तरच व्रत ओझे न होता आनंद होते. आणि हा पर्याय आपल्या स्वयंपाकघरातच आहे.

इंग्रजी पुस्तकांतील पाककृतींत जिलेटिनऐवजी आगर-आगर, म्हणजे आपल्या बाजारातील चायना ग्रास, सुचवलेले असते. ते समुद्रातील तांबड्या शेवाळापासून बनते, म्हणून शाकाहारी खरे. परंतु शेवाळाची गणना अनंतकायात होत असल्याने अनेक श्रावक ते वर्ज्य मानतात. तसेच लाल रंगासाठी तेथे बीट, गोडीसाठी मध आणि घट्टपणासाठी आरारूट सांगितलेले असते. बीट आणि आरारूट कंदमुळांतील, मध तर महाविगईतील. म्हणून त्या कृती जशाच्या तशा उचलून चालत नाही. आपल्या मर्यादेत बसणारे मार्ग तीन.

पहिला मार्ग फळ आटवून वाळवण्याचा. कोकणातील आंबापोळी व फणसपोळी ही याची जुनी उदाहरणे. येथे घट्टपणा आणायला कोणत्याही परक्या द्रव्याची गरज नाही. पाणी गेले की फळ स्वतःच चिवट होते. पिकलेल्या आंब्याचा रस गाळून जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर निम्मा होईपर्यंत आटवावा, तूप लावलेल्या ताटात पातळ पसरावा आणि कडक उन्हात मलमलीच्या कापडाखाली ठेवावा. ओला रस रात्रभर राहू नये म्हणून थर दोन-तीन मिलिमीटरहून जाड नसावा आणि काम सकाळी लवकर सुरू करावे. घरी ओव्हन असल्यास 60 ते 70 अंश उष्णतेवर पाच-सहा तासांत पोळी सुटते. साखर घालण्याची गरज नसते. आर्द्रा नक्षत्रानंतर आंबा सोडणाऱ्या घरांनी हे काम वैशाख-ज्येष्ठातच उरकावे. पुढे चिकू, सफरचंद आहेतच.

दुसरा मार्ग पेक्टिनचा. फ्रान्समधील शास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी 1825 साली हे द्रव्य वेगळे करून त्याचे वर्णन केले. फळाच्या सालीत व गाभ्यात ते अधिक असते. सफरचंद, आवळा, पेरू, कवठ यांत ते विपुल. पेरू व कवठ बहुबीज म्हणून वर्ज्य करणाऱ्यांनी सफरचंद किंवा आवळा घ्यावा. एक किलो सफरचंदे बिया काढून सालीसकट चिरावीत, वाटीभर पाण्यात मऊ शिजवून गाळणीतून काढावीत. त्या गरात पाव किलो साखर आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालून मंद आचेवर ढवळत राहावे. अर्ध्या-पाऊण तासात गोळा भांड्याच्या कडा सोडू लागतो. तुपाच्या हाताने ताटात थापून, थोडा वाळवून वड्या पाडाव्यात. लाल रंग हवा असल्यास चार-पाच आमसुले भिजवून त्यांचे पाणी घालावे. रंगही येतो आणि आंबटपणामुळे वडी धरायलाही मदत होते. आंबट फळे बिनकल्हईच्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात मात्र शिजवू नयेत.

तिसरा मार्ग मक्याच्या पिठाचा. मिठाईच्या दुकानांत मिळणारा चिवट, पारदर्शक कराची हलवा सर्वांच्या परिचयाचा आहे. हा त्याचाच फळांच्या रसातील अवतार. संत्र्याचा गाळलेला रस दोन वाट्या, मक्याचे पीठ अर्धी वाटी, साखर अर्धी वाटी. सर्व थंड असतानाच गुठळी न राहता मिसळावे, मंद आचेवर सतत ढवळावे, मधूनमधून मिळून दोन चमचे तूप सोडावे. गोळा चकचकीत व पारदर्शक झाला की ताटात ओतून, निवल्यावर चौकोनी तुकडे करावेत. बाजारातील गोळीच्या सर्वांत जवळचा पदार्थ हाच, आणि मुलांना तो लगेच आवडतो.

येथे काळमर्यादेचा विचार आवश्यक आहे. तिसऱ्या मार्गाच्या तुकड्यांत पाण्याचा अंश राहतो. म्हणून ते सकाळी करून त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी संपवावेत. शीतपेटीत ठेवल्याने बासी पदार्थ ताजा ठरत नाही. पूर्ण वाळलेल्या पोळीला व वडीला अधिक काळ मिळतो. श्वेतांबर परंपरेत मिठाईचा काळ थंडीत 30, उन्हाळ्यात 20 आणि पावसाळ्यात 15 दिवसांचा मानतात. तीच कमाल मर्यादा धरावी, आणि रंग, वास वा चव पालटल्यास त्याआधीही पदार्थ त्यागावा. पंथापंथांत व घराघरांत नियमांचा फरक असतो. शंका असेल तेथे आपल्या गुरुभगवंतांचा शब्द प्रमाण मानावा.

आता आरोग्याविषयी. घरी केले म्हणजे आपोआप हितकारक झाले, असा समज नसावा. बाजारी गोळी ही प्रामुख्याने साखर व ग्लुकोजचा पाक असते. घरच्या वडीत फळाचा गर व तंतू असतात, कृत्रिम रंग नसतो, हे तिचे श्रेष्ठत्व. परंतु साखर ती साखरच. गूळ घातला तरी हिशोब बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली अशी शिफारस केली की, वरून घातलेल्या साखरेचे, तसेच मध व फळांच्या रसातील साखरेचे प्रमाण दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी ठेवावे, आणि 5 टक्क्यांहून कमी राखल्यास अधिक लाभ. शिवाय फळ वाळले की त्याची गोडी एकवटते. एक किलो आंबरसाची पोळी भरते पाव किलोच्या आत. म्हणजे 20 ग्रॅमची एक पट्टी खाणाऱ्या मुलाने सुमारे 100 ग्रॅम रस खाल्ला. म्हणून दोन बोटांएवढा तुकडा पुरे. चिकट पदार्थ दातांना धरतो. खाऊन झाल्यावर चूळ भरायला लावावी. पाच वर्षांखालील बालकांना गोल वा चौकोनी तुकडा घशात अडकण्याचे भय असते. त्यांना पातळ, अरुंद पट्ट्या द्याव्यात आणि त्या बसूनच, मोठ्यांच्या देखरेखीखाली खाऊ द्याव्यात. आणि ताजे अखंड फळ मुलाने आवडीने खाल्ले, तर वडीची गरजच नाही, हेही विसरू नये.

हे काम केवळ भगिनींवर सोपवून पुरुषवर्गाने मोकळे होऊ नये. बाजारातून पुडी आणणारा हात बहुधा पुरुषाचा असतो. वाचण्याची जबाबदारीही त्याचीच. मुलांनाही यात सामील करावे. आमसुलाचा रंग उतरताना पाहणे, वड्या पाडणे, त्या मोजून पुड्यांत भरणे यात त्यांना जो आनंद होतो, त्यातून आहारविवेक न शिकवता शिकला जातो. स्वतः केलेल्या वडीचे घटक मुलाला पाठ असतात. मग तेच मूल दुकानात उभे राहून परक्या वेष्टनावरील यादी विचारू लागते.

ट्रस्टच्या चरणी एक नम्र सूचना मांडून हे विवेचन आवरते घेणे उचित होईल. सुवर्ण महोत्सवी वर्षापासून पाठशाळेची प्रभावना घटक वाचल्यावाचून स्वीकारली जाऊ नये आणि महिन्यातून एका रविवारी ती आपल्याच भोजनशाळेत, मुलांच्या हातांनी, ऋतूतील फळांपासून सिद्ध व्हावी. लाभार्थी कुटुंबाने पैशांऐवजी फळांची करंडी द्यावी. खर्च अल्प आहे. लागतो तो एक सकाळचा वेळ. मंदिराचा कळस उंचावर असतो, तो दुरून दिसतो. परंतु मुलाच्या तळहातावरील वडी त्याला आयुष्यभर आठवते. तिच्यात जीवदयेचा अंश असावा, एवढीच भावना.

जय जिनेंद्र!