एक अबोल दुखणे

दिल्लीकडे येणाऱ्या आगगाडीच्या खिडकीतून प्रवाशाला राजधानीचे पहिले दर्शन घडते, ते पुष्कळदा तिच्या वास्तूंचे नव्हे, तर लोहमार्गालगतच्या भिंतींचे. ‘गुप्तरोगां’वर खात्रीचा इलाज करून देणाऱ्यांची नावे त्या भिंतींवर ठसठशीत अक्षरांत रंगविलेली असतात. जे दुखणे घरात उच्चारता येत नाही, ते भिंतींवर मात्र असे उघडपणे मांडलेले असते.

२०१६ पासून गुरुग्राम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुडगावात महाराष्ट्रातून नोकरीसाठी गेलेल्या एखाद्या तरुणाची कल्पना करावी. नवे लग्न, रात्रपाळीचे काम, भाड्याची दोन खोल्यांची जागा. समागमाच्या वेळी त्याचे वीर्यस्खलन त्याच्या मनाविरुद्ध फार लवकर होते. पत्नीला काय वाटत असेल, या विचाराने तो खजील होतो आणि पुढच्या वेळी तीच भीती मनात धरून शय्येकडे वळतो. भीती मनाला घाई करावयास लावते, घाईमुळे पुन्हा तेच घडते आणि भीती खरी ठरते. काही दिवसांनी तो निमित्ते काढून पत्नीला टाळू लागतो. आपलेच काही चुकले असावे, असे तिला वाटते. दोघेही गप्प राहतात आणि दुखणे त्या मौनावर पोसत जाते.

वस्तुतः हे दुखणे नवे नाही आणि विरळाही नाही. चरकसंहितेतील वातव्याधीच्या अध्यायात शुक्रगत वायूचे लक्षण म्हणून शीघ्र स्खलनाचा निर्देश आढळतो. आधुनिक वैद्यकाने त्याची व्याख्या अधिक काटेकोर केली आहे. पहिल्या समागमापासूनच स्खलन बहुतेक प्रत्येक वेळी सुमारे एका मिनिटाच्या आत होत असेल, किंवा पूर्वी तक्रार नसताना तो अवधी घटून सुमारे तीन मिनिटांवर अथवा त्याहून खाली आला असेल. शिवाय ते लांबविता येत नसेल आणि त्यामुळे मनस्ताप होत असेल, तरच त्याला शीघ्रपतन म्हणावे. एखाद्या रात्री असे घडले, तर तो रोग नव्हे.

ही मर्यादा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण पुष्कळांचे दुःख शरीरातून नव्हे, तर चुकीच्या अपेक्षेतून जन्मते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पाच देशांतील सुमारे ५०० दांपत्यांनी घड्याळ लावून या अवधीची नोंद केली. मध्यगा निघाली ५.४ मिनिटे. मित्रांच्या बढाया आणि हल्लीची कामोत्तेजक चित्रे यांवरून तासाचा हिशेब करणाऱ्याने हा आकडा अवश्य लक्षात घ्यावा.

कारणे अनेक असतात. काहींच्या बाबतीत ही जन्मजात शरीरप्रवृत्ती असते आणि मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याशी तिचा संबंध जोडला जातो. काहींना ती तक्रार मागाहून जडते. तिच्यामागे चिंता, दांपत्यातील बेबनाव, लिंगताठरता टिकण्याविषयीची धास्ती, पौरुषग्रंथीचा दाह किंवा थायरॉइड ग्रंथीचे अतिरिक्त कार्य असू शकते. तरुणपणीच्या हस्तमैथुनाने वीर्य ‘संपले’ म्हणून हे घडते, ही समजूत मात्र सर्वथा निराधार होय.

उपायही आहेत आणि ते साधे आहेत. १९५६ साली जेम्स सीमन्स या अमेरिकी डॉक्टरने सुचविलेली रीत आजही शिकविली जाते. स्खलन समीप आल्याची जाणीव होताच उद्दीपन थांबवावे, आवेग ओसरू द्यावा आणि मग पुन्हा आरंभ करावा. काही आठवड्यांच्या सरावाने ती जाणीव ओळखता येते आणि आवरता येऊ लागते. ही रीत पत्नीच्या सहकार्याने उत्तम साधते. त्यासाठी आधी दोघांना एकमेकांशी बोलावे लागते, आणि अर्धा उपचार त्या बोलण्यातच असतो. सुखाचे माप केवळ मिनिटांत नसते, हेही त्या संवादातूनच उमगते. याने भागले नाही, तर संवेदना मंद करणारे लेप आहेत आणि डेपॉक्सिटिनसारख्या गोळ्याही आहेत. मात्र त्यांनी मळमळ, भोवळ असे त्रास होऊ शकतात. हृदयविकार असणाऱ्यांना किंवा अन्य औषधे घेणाऱ्यांना त्या घातकही ठरू शकतात. म्हणून डॉक्टरने तपासून लिहून दिल्याखेरीज त्या घेऊ नयेत.

भिंतीवरच्या इलाजाचे तसे नाही. तेथे ना तपासणी, ना औषधाचे नाव. ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत सिल्डेनाफिलची छुपी भेसळ सापडल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. हृदयरोगासाठी नायट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब अशा पुडीने धोकादायकरीत्या खाली येऊ शकतो. कामशक्ती वाढविण्याच्या औषधांची जाहिरात १९५४ च्या केंद्रीय कायद्याने निषिद्ध ठरविली आहे. तरीही भिंती रंगतातच; कारण लाजेने तोंड मिटलेले गिऱ्हाईक फसले तरी तक्रार करावयास येत नाही.

ही लाज दूर व्हावी म्हणून महाराष्ट्रात एका माणसाने आयुष्य वेचले. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली निधन होईपर्यंत ते चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात सरळ भाषेत उत्तरे दिली, म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या वतीने उभे राहिले. खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला. परंतु शंका विचारणारा माणूस अपराधी नसतो आणि त्याला खरे उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा त्या लढ्यातील विचार काही हरला नाही.

गुरुग्रामच्या त्या तरुणाने भिंतीवरचा पत्ता टिपून घेण्याऐवजी एका संध्याकाळी पत्नीजवळ बसून मन मोकळे केले आणि पुढे दोघे मिळून एखाद्या मूत्ररोगतज्ज्ञाकडे अथवा मनोविकारतज्ज्ञाकडे गेले, तर त्याच्या ध्यानात येईल की, जे आपण पौरुषाला लागलेले लांछन समजत होतो, ते पडसे-खोकल्याप्रमाणे सांगण्याजोगे आणि बहुधा आटोक्यात येण्याजोगे एक दुखणे आहे.