एका सेकंदाचा शेक
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी कॅन्सरच्या दवाखान्यात शेकाच्या मशीनवर किरणांची मात्रा मोजायचं काम करतो. डॉक्टर नाही, भौतिकशास्त्रवाला. आपल्या ग्रुपवर मध्यंतरी बातमी फिरली, ‘एका सेकंदात कॅन्सरचा शेक’. खाली आपल्यातल्याच एकाने विचारलं, ‘आईचा शेक चालू आहे, थांबवून या मशीनची वाट बघू का?’ चार ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे बोलतो.

बातमी खोटी नाही. या पद्धतीला फ्लॅश म्हणतात. किरणांची मात्रा ग्रेमध्ये मोजतात. आमच्या नेहमीच्या मशीनमधून मिनिटाला काही ग्रे पडतात. फ्लॅशमध्ये सेकंदाला 40 ग्रेहून जास्त. 2014 साली फ्रान्सच्या क्युरी संस्थेतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की तेवढीच मात्रा क्षणात दिली तर गाठीवर तेवढाच मारा होतो, पण शेजारचं निरोगी फुप्फुस बरंच वाचतं.

आपल्या रानातलं सांगतो. दोन इंच पाऊस दिवसभर रिमझिम पडला तर मुरतो, तासाभरात कोसळला तर वाहून जातो. निरोगी पेशींचं असंच काहीसं. गाठीत मात्र तो मुरतोच, म्हणजे माझी उपमा इथे बांधावरच थांबली! असं का होतं, यावर शास्त्रज्ञांचंही अजून एकमत नाही.

निरोगी भाग वाचण्याला एवढं महत्त्व का? तंबाखू-मिश्रीने तोंडाचा कॅन्सर झालेला आपल्याकडचा माणूस घ्या. आठवड्याला पाच दिवस, असे तेहेतीस-पस्तीस शेक. तोंड सोलून निघतं, लाळ आटते, भाकरी सोडा, वरणही उतरत नाही. ऊसतोडीवर जाणाऱ्या घराचा त्यात अर्धा हंगाम जातो. काही जण वीस-बावीस शेकांनंतर गावी निघून येतात, आणि मधल्या खंडात उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. मला सगळ्यात वाईट त्याचं वाटतं.

आता फ्लॅश कुठवर आलंय? 2018 मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये 75 वर्षांच्या एका रुग्णाच्या त्वचेवरच्या गाठीला 15 ग्रे दिले, 90 मिलिसेकंदांत. गाठ गेली, कातडीला त्रास थोडाच झाला. 2020 पासून अमेरिकेत सिनसिनाटीला हातापायांच्या हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या दहा रुग्णांवर प्रोटॉनने चाचणी झाली, तीही वेदना कमी करण्यासाठी. मांजरांवरच्या एका अभ्यासात मात्र पुढे जबड्याचं हाड मेलं आणि तो थांबवावा लागला. खोलवरच्या गाठीपर्यंत एवढ्या वेगाने किरण पोचवणं तर वेगळंच अवघड. आपल्या खारघरला टाटाच्या केंद्रात प्रोटॉन उपचार 2023 मध्ये सुरू झाले, पण ते नेहमीच्या वेगाचे.

तेव्हा मित्रा, आईचा शेक एक दिवसही चुकवू नकोस. तोंड आलं तर मशीनवरच्या लोकांना त्याच दिवशी सांग. औषध असतं, नाकातल्या नळीने जेवण देता येतं. आणि छत्रपती संभाजीनगरचं सरकारी कॅन्सर रुग्णालय चकलांब्याहून खारघरपेक्षा कितीतरी जवळ आहे. महात्मा फुले योजनेत शेक बसतो. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. कुणी रिपोर्टच्या फायली आणल्या असतील तर जेवणानंतर दाखवा, मी उद्या सकाळच्या गाडीपर्यंत गावातच आहे.