जूनची हजेरी : माध्यमिक शाळेचे वर्ष नेमके कधी संपते?

माध्यमिक शाळेचा वार्षिक अहवाल हा मराठी समाजातील एक दुर्लक्षित, पण अत्यंत बोलका दस्तऐवज आहे. स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावर मुख्याध्यापक तो वाचतात, वर्षअखेरीस त्यात भर घालून तो संस्थेच्या सभेपुढे ठेवला जातो आणि त्यात दहावीचा निकाल, शिष्यवृत्तीधारक, एलिमेंटरी-इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांतील श्रेणी, खो-खो व कबड्डीच्या संघांनी तालुका-जिल्ह्यापर्यंत मारलेली मजल आणि विज्ञान प्रदर्शनातील क्रमांक या नोंदी जवळपास ठरलेल्या क्रमाने येतात. वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपैकी अनेकांनी असा अहवाल लिहिला असेल, उरलेल्यांनी पालक म्हणून ऐकला असेल, त्यामुळे त्याचा साचा विस्ताराने सांगण्याची गरज नाही. गेल्या काही वर्षांत या अहवालाच्या शेवटी एका नव्या पानाची भर पडली असून त्याचे शीर्षक बहुधा ‘पर्यावरणपूरक उपक्रम’ असे असते. शंभर रोपांची लागवड, शाडूच्या गणेशमूर्तींची कार्यशाळा, बीजगोळे, प्लॅस्टिकमुक्तीची फेरी, वसुंधरा दिनाची चित्रकला स्पर्धा अशी त्याची मांडणी असते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हे शेवटचे पान आहे.

पहिल्या पानांवरील यश आणि शेवटच्या पानावरील यश यांत एक मूलभूत फरक आहे. पहिल्या पानांवरील प्रत्येक आकडा शाळेबाहेरच्या कोणीतरी तपासलेला असतो, म्हणजे दहावीचा निकाल मंडळ लावते, शिष्यवृत्तीची उत्तरपत्रिका राज्य परीक्षा परिषद तपासते आणि कबड्डीतला गुण पंच देतो. शेवटच्या पानावरील आकडा केवळ कृती घडल्याचा असतो, तिचे पुढे काय झाले हे त्यात नसते. दहावीला किती मुले बसली एवढेच सांगून किती उत्तीर्ण झाली याबद्दल मौन पाळणारा अहवाल कोणतीही संस्था स्वीकारणार नाही. मात्र किती रोपे लावली एवढेच सांगून किती जगली हे न सांगणारा अहवाल दरवर्षी टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. शाश्वतता या शब्दाचा अर्थच मुळी टिकणे असा आहे, म्हणजे आजची गरज भागवताना पुढच्या पिढीची गरज अडणार नाही अशा बेताने वागणे. तेव्हा टिकण्याची नोंद नसलेल्या पानाला शाश्वततेचे पान म्हणणे शब्दार्थालाही धरून होत नाही.

या पानाची पार्श्वभूमी परिचित आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी पर्यावरण शिक्षणासंबंधी दिलेला निर्णय, डिसेंबर 2003 मधील त्याची पुढची पायरी, 2001-02 पासूनची राष्ट्रीय हरित सेना आणि तिची शाळाशाळांतील मंडळे, 2016 ते 2019 या काळातील राज्याच्या दोन कोटींपासून तेहेतीस कोटींपर्यंत चढत गेलेल्या वृक्षलागवडीच्या मोहिमा हे सारे टप्पे येथे पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषयही आहे. विषयाची, पुस्तकांची किंवा परिपत्रकांची उणीव नाही. उणीव आहे ती योग्य दिनदर्शिकेची, आणि या व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन तेथूनच सुरू होते.

एका माध्यमिक शाळेत एकाच वेळी तीन वर्षे चालू असतात. शैक्षणिक वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होऊन एप्रिलअखेर संपते आणि महाराष्ट्र दिनाच्या सुमारास गुणपत्रके वाटली जातात. आर्थिक वर्ष 31 मार्चला मिटते. आणि तिसरे वर्ष, ज्याची नोंद शाळेच्या कोणत्याही वहीत नसते, ते पाण्याचे. जलविज्ञानाचे अभ्यासक भारतात 1 जून ते 31 मे या काळाला जलवर्ष म्हणतात, कारण एका पावसाळ्याच्या आरंभापासून पुढच्या पावसाळ्याच्या आरंभापर्यंत जमिनीला मिळालेल्या आणि तिच्यातून उपसलेल्या पाण्याचा हिशेब त्याच मुदतीत पुरा होतो. 1972 साली स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा मोजते. त्यांतील ऑक्टोबरचे मोजमाप पावसाने काय दिले ते सांगते आणि मेचे मोजमाप माणसांनी त्याचे काय केले ते. शाळेचा अहवाल मार्च-एप्रिलमध्ये लिहून पुरा होतो, म्हणजे जुलैत लावलेल्या रोपाची खरी परीक्षा सुरू होण्याआधीच त्याचा निकाल जाहीर होतो. 2025 साली राज्यातील शाळांची उन्हाळी सुटी 2 मेपासून होती आणि शाळा 16 जूनला उघडल्या, तर विदर्भात त्या 23 जूनला उघडल्या. जेथे ऊन सर्वांत कडक, तेथेच रोपे सर्वांत जास्त दिवस एकटी पडतात, ही बाब कोणाही नियोजनकर्त्याच्या नजरेत भरायला हवी होती.

शिक्षकांच्या खोल्यांमधून एक विनोद पिढ्यान्‌पिढ्या फिरत आला आहे : वृक्षारोपणासाठी नवा खड्डा खणावा लागत नाही, गेल्या वर्षीचाच कामाला येतो. (हशा) हे हसू समजण्यासारखे आहे, तथापि त्यामागचे दुःख खरे आहे, आणि त्यासाठी शिक्षकांना दोषी धरणे अन्यायाचे होईल. रोप लावल्याचे छायाचित्र त्याच दिवशी संगणकावर चढवण्याची सूचना येते, ते चढवले की काम झाल्याची नोंद होते आणि मे महिन्यात त्याच रोपाचे छायाचित्र कोणीही मागत नाही. जे मागितले जाते ते दिले जाते, हा कोणत्याही यंत्रणेचा स्वभावच आहे. झाड कोणते लावावे याची निवडही या घाईने बिघडते. वर्षभरात हिरवे दिसेल असे काही हवे असल्याने मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे सुबाभूळ आणि गिरिपुष्प, किंवा मूळचा मादागास्करचा गुलमोहर यांच्याकडे ओढा राहतो. कडुनिंब, करंज, जांभूळ, वड ही सावकाश बस्तान बसवणारी मंडळी मागे पडतात.

येथे रोप मरते कसे, हे थोडे तपशिलात पाहणे आवश्यक आहे, कारण ते पाणी न मिळाल्यामुळेच मरते असे मानण्याची पद्धत आहे. अनेक रोपे पाण्याआधी पिशवीमुळे मरतात. रोपवाटिकेतील काळ्या पिशवीत फार काळ राहिलेल्या रोपाची मुळे तळाशी गोल गोल वळतात. पिशवी नीट फाडून ती मुळे मोकळी केली नाहीत, किंवा घाईच्या कार्यक्रमात पिशवीसकटच रोप खड्ड्यात बसवले गेले, तर ते पावसाळाभर हिरवे राहते आणि मुळे खोल गेलेली नसल्याने पहिल्या कडक उन्हात कोसळते. खड्डा पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये, दोन फूट लांब-रुंद-खोल असा खणून ठेवावा म्हणजे तो उन्हाने तापतो आणि त्यातील कीड मरते, ही शेतकऱ्याच्या घरात सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट. पण एप्रिल-मे म्हणजे परीक्षा आणि सुटी, म्हणून शाळेत खड्डा कार्यक्रमाच्या आदल्या सायंकाळी खणला जातो. लावणीनंतर बुंध्याभोवती वाळलेल्या पाल्याचा थर द्यावा लागतो, ज्याला आच्छादन म्हणतात आणि ज्यामुळे मातीतील ओल उडून जात नाही. शाळेच्या आवारात मात्र पडलेला पाला हा कचरा मानला जातो, स्वच्छतेच्या तासाला मुले तो झाडून गोळा करतात आणि पुष्कळदा कोपऱ्यात पेटवून देतात. स्वच्छतेचे गुण आणि झाडांचे आयुष्य यांचा असा संघर्ष एकाच आवारात, एकाच शिक्षकाच्या देखरेखीखाली चाललेला असतो. पाण्याची सोय म्हणून मटका सिंचन ही जुनी रीत आहे : न भाजलेला नव्हे, तर भाजलेला पण बिनझिलईचा मातीचा माठ रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरायचा, पाण्याने भरायचा आणि तोंडावर झाकण ठेवायचे. माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपते, भोवतालची माती कोरडी असेल तेव्हा जास्त आणि ओली असेल तेव्हा कमी. म्हणजे रोपाला किती पाणी हवे हे मातीच ठरवते आणि पाच-सात लिटरांचा माठ कित्येक दिवस पुरतो. विज्ञानाच्या पुस्तकातील सच्छिद्रता आणि केशाकर्षण हे धडे या एका माठात प्रत्यक्ष दिसतात. माठांचा हा विषय अपेक्षेपेक्षा लांबला, परंतु तो अनावश्यक मात्र नव्हता.

पाण्याचा हिशेबही मुलांना सहज करता येण्यासारखा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. 500 चौरस मीटर छपराच्या शाळेवर वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस पडत असेल आणि त्यातील वीस टक्के वाया जाते असे धरले, तरी 2 लाख 80 हजार लिटर पाणी त्या छपरावरून वाहून जाते. पन्नास रोपांना आठवड्याला प्रत्येकी दहा लिटर दिले, तर विदर्भातील सात आठवड्यांच्या सुटीसाठी एकूण साडेतीन हजार लिटर लागतात, म्हणजे छपरावरच्या पाण्याच्या सव्वा टक्का. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावात पडलेला पाऊस मोजून ग्रामसभा पाण्याचे अंदाजपत्रक ठरवते आणि त्यानुसार पिके ठरतात; तीच रीत शाळेच्या छपराला लावली, तर पाच हजार लिटरांची एक टाकी सुटीपुरती भरून ठेवणे एवढेच काम उरते.

या टप्प्यावर सभागृहातून आलेल्या एका चिठ्ठीत मुख्याध्यापकांची बाजू मांडलेली आहे : टाकी भरली तरी बादली कोण उचलणार, कारण शिपायांच्या जागाच उरलेल्या नाहीत. ही तक्रार पूर्णतः रास्त आहे. डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतील चतुर्थ श्रेणीच्या पदांच्या जागी ठोक शिपाई भत्त्याची व्यवस्था आणली, आणि सुटीतही आवारात वावरणारा, नळ-कुलपांची माहिती असणारा तो माणूस अनेक शाळांतून गेला. ज्या शिक्षकांना सभागृहात बसून हे विवेचन म्हणजे आणखी एका रकान्याची भर वाटत असेल, त्यांच्यासाठी हे स्पष्ट करणे आवश्यक आहे की येथे नवा उपक्रम सुचवलेला नसून जुन्याच उपक्रमाची तारीख बदलण्याची मागणी आहे.

बादली उचलण्याचे काम अर्थातच मुलांकडे येते, आणि मुलांनी श्रम करावेत, ही कल्पनाही महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्हच वटवृक्ष आहे, आणि 1924 पासूनच्या साताऱ्याच्या वसतिगृहात तसेच 1940 साली सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये श्रम आणि शिक्षण यांची गाठ घातली गेली, तिलाच पुढे ‘कमवा आणि शिका’ हे नाव रूढ झाले. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि तेथून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय माध्यमिक शाळांत गेला. त्यात शेती व पशुपालन, ऊर्जा व पर्यावरण, अभियांत्रिकी, गृह व आरोग्य या चार विभागांतील कामे मुले हातांनी करतात आणि त्यांतून वस्तू व सेवा गावालाही मिळतात. या दोन्ही प्रयोगांचे मोठेपण असे की श्रमाची फलश्रुती तेथे तपासता येत असे : जोडलेला पाइप गळतो की नाही आणि लावलेली मेथी उगवते की नाही, यावर कोणाचे मत विचारावे लागत नाही.

अध्यक्षांकडून वेळेची सूचना आलेली असल्यामुळे वीज आणि कचरा या दोन्ही गोष्टींचा केवळ उल्लेख करणे शक्य आहे. विजेच्या देयकावरील युनिट, म्हणजे एक किलोवॉटचे उपकरण तासभर चालल्यास खर्च होणारी वीज, ही शाळेतील सर्वांत विश्वासार्ह पर्यावरणीय नोंद आहे आणि ती दरमहा आयती कार्यालयात येते. छपरावरील एक किलोवॉट सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट वीज देते, एवढे ठाऊक असलेल्या आठवीच्या मुलांना पुढचे गणित मांडता येईल. स्नेहसंमेलनानंतर उरणारे फ्लेक्स आणि थर्माकोल यांचे वजन त्याच रात्री तराजूवर करावे, हेही येथे फक्त सुचवता येते.

मुख्य मागणी शेवटी पुन्हा मांडणे क्रमप्राप्त आहे. अहवालाचे शेवटचे पान एप्रिलमध्ये कोरे ठेवावे आणि शाळा उघडण्याच्या दिवशी, परिपाठापूर्वी, आवारातील झाडांची हजेरी घेऊन ते भरावे. प्रत्येक झाडाला हजेरीपटाप्रमाणे क्रमांक असावा. जे मेले त्याचे नाव न खोडता त्यापुढे कारण लिहावे, पिशवी, वाळवी, शेळी, पाणी यांपैकी जे असेल ते, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना तीच चूक करावी लागणार नाही. सुटीतील पाण्यासाठी शाळेजवळ राहणाऱ्या नववीच्या चार-पाच मुलामुलींच्या जोड्या आणि त्यांच्या आळीतील एखादे माजी विद्यार्थी असलेले गृहस्थ एवढे पुरते. माठ असतील तर आठवड्यातून दोन फेऱ्या, सकाळी आठच्या आत. फाटकाच्या कुलपाची एक किल्ली त्या माजी विद्यार्थ्याकडे असावी आणि ती दिल्याची नोंद शालेय व्यवस्थापनाच्या एप्रिलमधील सभेच्या इतिवृत्तात, सुटीच्या तारखांच्या खालच्याच ओळीत, व्हावी.