पाणी आणि धार

पोलादाच्या कसदारपणाला मराठीने ‘पाणी’ असे नाव दिले आहे. लोहार विळ्याला पाणी देतो आणि चांगल्या तलवारीला पाणीदार म्हणतात. हा केवळ भाषेचा अलंकार नव्हे. लालबुंद तापलेले पोलाद पाण्यात किंवा तेलात बुडविले म्हणजे ते कठीण होते. मग पुन्हा बेताची आंच देऊन त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. अशा रीतीने चढविलेले पाणी धार लावताना उतरू नये कसे, हा जगभरच्या हत्यारांच्या शौकिनांचा न संपणारा वादविषय आहे.

सुताराच्या साध्या कार्बन पोलादाच्या पटाशीला ही शेवटची आंच बहुधा 200 अंश सेल्सियसच्या आसपास दिलेली असते. धारेचा काठ अत्यंत पातळ. तेथे उत्पन्न झालेल्या उष्णतेला पसरावयास जागा नाही. कोरड्या चाकावर हात क्षणभर अधिक रेंगाळला, की काठावर प्रथम पिवळसर आणि 300 अंशांच्या सुमारास निळी छटा उमटते. निळा पडलेला काठ मऊ झालेला असतो. तो कितीही घासला तरी धार टिकत नाही. तेवढा भाग झिजवून टाकणे एवढाच उपाय उरतो.

ओल्या चाकाचे यंत्र हा धोका मुळातच टाळते. स्वीडनमधील तोर्मेक ही कंपनी 1973 साली तोर्ग्नी यान्सोन यांनी सुरू केली. तिच्या मोठ्या यंत्राचे चाक 250 मिलिमीटर व्यासाचे असून ते मिनिटास अवघे 90 फेरे घेते. चाकाचा खालचा भाग पाण्याच्या पन्हाळीत बुडालेला असल्यामुळे दगड सतत भिजत राहतो. त्याच्या कडेचा वेग सेकंदास एक मीटरहून थोडाच अधिक भरतो. याउलट, 2,850 फेऱ्यांनी फिरणाऱ्या 150 मिलिमीटरच्या कोरड्या चाकाच्या कडेचा वेग 22 मीटरांवर जातो. ओल्या चाकावर धार काढल्यानंतर ती चामड्याच्या चाकावर परजतात. न्हाव्याचा पट्टा करतो तेच हे काम.

कोरड्या चाकाचे कैवारीही निरुत्तर होत नाहीत. दाते पडलेली पटाशी ओल्या चाकावर सरळ करावयाची तर बराच वेळ मोडतो. शिवाय कातकाम करणाऱ्यांची हत्यारे पुष्कळदा हायस्पीड पोलादाची असतात. ते पोलाद 500 अंशांपर्यंतही आपली कठिणता फारशी सोडीत नाही. त्याला थोडी निळी छटा आली म्हणून बिघडत नाही. हे म्हणणे खरे आहे. तेव्हा यंत्र निवडण्यापूर्वी आपले पोलाद कोणते, हे ओळखले पाहिजे.

परंतु पात्याच्या या वादात पाते धरणाऱ्याचा विसर पडू नये. इंग्लंडमधील शेफील्ड हे चाकूसुऱ्यांचे जुने गाव. तेथील ओढ्यांवर पाणचक्क्यांच्या बळावर वालुकाश्माची मोठाली चाके फिरत. पोर्टर ओढ्यावरील शेफर्ड व्हील हा असा कारखाना आजही जतन केलेला आहे. पुष्कळशी पाती ओल्या दगडावर घासली जात. काट्यांसारख्या वस्तू मात्र कोरड्या दगडावर. फ्रीड्रिख एंगल्स याने 1845 सालच्या आपल्या ग्रंथात शेफील्डच्या डॉ. नाइट यांच्या आधारे असे नोंदविले, की कोरड्या दगडावरील कामगार सरासरीने जेमतेम पस्तीस वर्षे जगत आणि ओल्या दगडावरील क्वचितच पंचेचाळिशीपलीकडे जात. दगडातील सिलिकेची धूळ फुप्फुसांत जाऊन बसे. पाण्याने दहा वर्षे दिली; पुरते अभय दिले नाही.

आजची चाके बहुधा कृत्रिम द्रव्यांची असतात, त्यामुळे वालुकाश्माचा तो धोका पुष्कळ ओसरला आहे. तरीही दगडाची व पोलादाची कोरडी धूळ श्वासात घेण्याजोगी नव्हेच. सायकलवर चाक बसवून दारोदार कात्र्या-सुऱ्यांना धार लावणाऱ्या कारागिराच्या ठिणग्या पोरे कौतुकाने पाहतात. त्या ठिणग्यांबरोबर उडणारी धूळ मात्र त्याच्याच तोंडासमोर असते. त्याला महागडे यंत्र परवडणारे नाही. पण पाते वरचेवर बुडविण्यास पाण्याचे एक भांडे, डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला धूळ अडविणारा चांगला मुखवटा, एवढे त्याच्यापाशी असावयास हवे. ज्याच्याकडे ओले यंत्र आहे, त्यानेही पन्हाळीतला गाळ ओला असतानाच काढावा. वाळला की तोही पुन्हा धूळच होतो.

पात्याचे पाणी उतरले तर लोहार ते पुन्हा चढवू शकतो. फुप्फुसांना तसा लोहार नाही.