वहीपूजन आणि वहीवाचन
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



लक्ष्मीपूजनास आपण नव्या वहीला हळदकुंकू वाहतो. परंतु मागील पाच वर्षांच्या वह्या शेजारी मांडून वाचणारी घरे थोडीच. आमच्या डोळ्यांदेखत ज्या पेढ्या बसल्या, त्या एका वर्षात बुडाल्या नव्हत्या. विक्री वाढत होती, पण उधारी त्याहून वेगाने वाढत होती. दुकान गजबजलेले आणि भांडवल मात्र झिजत चाललेले. एका वर्षाचा जमाखर्च हे सांगत नाही.

उलटपक्षी, एका वर्षाच्या मंदीने खचणेही तितकेच घातक होय. कै. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले व १९०३ साली लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो घेईनात. आरंभीचा खप हीच कसोटी मानली असती, तर नांगर तेथेच थांबता. त्यांनी धीर सोडला नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे पाणी उपसण्याचे पंपही तेथे होऊ लागले. माल बदलला, शेतकऱ्याच्या गरजेवरील दृष्टी ढळली नाही.

म्हणून आमची नम्र विनंती एवढीच, की येत्या दिवाळीत उधारी, शिल्लक माल व निव्वळ नफा यांचे पाच वर्षांचे आकडे एका कागदावर मांडावेत, आणि मुलामुलींना जवळ बसवून ते वाचावेत. वहीची खरी पूजा तीच होय.