रंगाखालचा गंज

(मंडळाच्या गणेशोत्सवात युवा विभागासाठी दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



चेन्नईच्या खाऱ्या हवेत सायकलची साखळी किती लवकर गंजते, हे इथे प्रत्येक घराला ठाऊक आहे. माझी नोकरी त्याच गंजाशी. मी रेल्वेत पुलांच्या देखभालीचे काम करतो. डिप्लोमा झाला तेव्हा एका नातेवाइकांनी विचारले होते, "म्हणजे पूल रंगवणार का?" तेव्हा राग आला होता. आज सांगतो, हो, पूल रंगवतो!

पण हा रंग सजावटीसाठी नसतो. लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू मिळाला की गंज चढतो. मीठ असले तर झपाट्याने वाढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, रंगाला आतून फुगवून फोडतो आणि आणखी पाणी आत शिरते. म्हणून आधी गंज पार खरवडायचा, मग प्रायमर, मग वरचे हात. खारे वारे फार असतील तिथे जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा फवारा मारतात. जस्त स्वतः झिजते आणि पोलादाला वाचवते. अगदी थोरल्या भावासारखे!

रामेश्वरला जाताना पांबनचा पूल आपण पाहिला असेल. सुमारे दोन किलोमीटरचा जुना पूल १९१४ साली सुरू झाला. १९६४च्या चक्रीवादळात मोडला, तेव्हा श्री. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत दुरुस्त झाला. खाऱ्या वाऱ्याचा मारा मात्र रोजच चालू होता. डिसेंबर २०२२मध्ये त्यावरची वाहतूक थांबवावी लागली. एप्रिल २०२५मध्ये शेजारी नवा पूल सुरू झाला. त्यात स्टेनलेस स्टीलच्या सळ्या आहेत आणि पोलादावर पॉलिसिलोक्झेनचा लेप आहे.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीचे दुसरे वर्ष होते. पाऊस तोंडावर आलेला. एका लहान पुलाच्या गर्डरला, बेअरिंगजवळ, जिथे कचरा आणि पाणी साचते, तिथे नीट न खरवडताच रंग मारला गेला. वरून चकचकीत. मी सही केली. पावसाळ्यानंतर आमच्या गँगमधल्या म्हाताऱ्या खलाशाने तिथे हातोडी मारली. आवाज बद्द आला. रंगाचा पापुद्रा निघाला, आत पोलादाचे पदर सुटलेले! गाड्यांचा वेग कमी करून ती प्लेट बदलली. अपघात झाला नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही. त्या पुलावरून जाणाऱ्यांनी माझी सही पाहिलेली नव्हती, तरी त्यांचा भार तिच्यावरच होता. खलाशी एवढेच म्हणाला, "सार, आधी आवाज ऐका, मग सही करा."

मुलांनो, पूल, जहाजे, बंदरे, तेलाच्या पाइपलाइन, सगळीकडे या कामाला माणसे लागतात. डिप्लोमा असो वा डिग्री, हातोडी धरायची लाज नको. आपले काम चांगले झाले की काहीच घडत नाही. गाडी वेळेवर जाते, एवढेच. त्यातच आमचे समाधान.

गणपती बाप्पा मोरया!