शिंगांत आईचाही वाटा



मोहफुलांचा हंगाम आला, की आम्ही जंगलाकाठच्या बाया पहाटेच टोपल्या घेऊन निघतो. याच दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, सांबराच्या नरांची शिंगं गळतात. यंदा आमच्यातल्या एकीला पाल्यात असंच एक शिंग दिसलं. हातभर लांब, तीन टोकांचं. लगेच चर्चा सुरू झाली. एक म्हणाली, "तीन टोकं, म्हणजे तीन वर्षांचं जनावर." दुसरी म्हणाली, "जसा बाप, तशी शिंगं." आम्हालाही आजवर तसंच वाटायचं. पण या दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत.

गाईचं शिंग वरून पोकळ खोळीसारखं असतं आणि जन्मभर टिकतं. सांबर-चितळांचं शिंग म्हणजे भरीव हाड. ते गळतं आणि पुन्हा नवं उगवतं. वाढत असताना त्यावर मखमलीसारखी कातडी असते, तिच्यात रक्त खेळत असतं. वाढ पुरी झाली, की कातडी वाळते आणि नर ती झाडाझुडपांवर घासून काढतो.

आता वयाचं पाहू. कोवळ्या नराला पहिल्यांदा फाटा नसलेलं, सरळ शिंग येतं. पुढे फाटे फुटतात आणि सांबराला किंवा चितळाला बहुधा तीन टोकं होतात. त्यानंतर वय वाढलं, तरी टोकं तीनच. लांबी आणि जाडी मात्र भर वयापर्यंत वाढत जाते. म्हातारपणी शिंगं पुन्हा लहान आणि वेडीवाकडी होऊ लागतात. म्हणून टोकं मोजून वय सांगता येत नाही. त्यापेक्षा झिजलेले दात अधिक खरं सांगतात.

टोकं किती, हे जातीच्या वंशात ठरलेलं असतं. शेजारच्या मध्य प्रदेशात कान्हाच्या जंगलातल्या बारासिंग्याला दहा-बारा टोकं येतात, कधी त्याहून जास्तही. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या दोन नरांची शिंगं लहानमोठी असतात, त्यातही वंशाचा भाग असतो. पण वंश एकट्या बापाचा नसतो. सांबराच्या मादीला शिंगं नसतात, तरी तिच्या बापाचा, आज्याचा गुण तिच्यातून पाडसाकडे जातो. निम्मा वारसा आईचाच!

आणि वारसा चांगला असला, तरी पोटाला मिळायला हवं. नवं शिंग वाढताना नराच्या खाण्यातलं कॅल्शियम पुरत नाही. मग ते त्याच्याच बरगड्यांतून घेतलं जातं. पाडस पोटात असताना आई उपाशी राहिली, तर पाडस अशक्त जन्मतं. मग पुढे शिंगंही खुजी राहू शकतात. बाळंतपणात हाडं झिजवलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

शेवटी कामाची गोष्ट. आपल्या आजीच्या बटव्यात उगाळायला सांबरशिंग असायचं. आता मात्र सापडलेलं शिंग घरी आणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवान्याशिवाय ते बाळगणं आणि विकणं अंगाशी येऊ शकतं. "गळून पडलेलंच होतं" म्हणून सुटका होत नाही. शिवाय साळिंदरं ती शिंगं कुरतडतात, त्यांनाही कॅल्शियम लागतंच.

आम्ही ते शिंग तिथंच ठेवलं आणि वनरक्षकांना जागा सांगितली. मोहफुलांची टोपली तेवढी घरी आणली.